दगडूदादानं मोटारीचं तेल बदललं तो दिवस

त्या दिवशी देशमुखाच्या गाडीखान्यात कोण कोण व्हतं ते आधी सांगते. माझा थोरला भाऊ दगडूदादा, देशमुखाच्या मोटारीवरचा डायवर. माझे मालक, मांडीला तलवारीचा घाव लागलेले. माझी सासू. बैलांना नाल ठोकणारे नन्हेमियाँ. अन् मी. गावातले आणखी लोक व्हते, पण ते दाराबाहेर. आतल्या पाचांतले चार गेले. दगडूदादा गेल्या महिन्यात गेला. मी तेवढी राहिले. मला सही येते, जास्ती लिवता येत न्हाई, म्हणून नात लिवून घ्यायली.

दादाचा पोरगा, माझा भाचा, सांगायला आला तवा मी ज्वारी निवडत व्हते. "आत्या, बाबा गेले. चहा पीत बसले व्हते, तसेच कलंडले." मी म्हणले, बरं झालं, झिजला न्हाई. रडले न्हाई मी. दहाव्याला नदीवर गेलो. तिथं आमच्या गावचा एक जण मागून बोलला, "दगडू माणूस सोन्यासारखा हो, पण बहिणीचं कुकू त्यानं तेलात घालवलं." भाच्यानं ऐकलं. घरी आल्यावर माझ्याजवळ बसला अन् इचारलं, "आत्या, खरं हाय का? माणूस मरायला लागला व्हता अन् बाबा तेल बदलत बसले व्हते?" मी म्हणले, बदललं, खरं हाय. पण का बदललं ते सांगते, ऐक... त्याला सांगितलं तेच इथं सांगायली.

पिंगळीच्या पलीकडं आमचं गाव. माझं लग्न झालं अन् दोन-तीन सालांनी दादा माझ्याच सासरच्या गावात देशमुखाच्या मोटारीवर लागला. निजामाचं राज्य व्हतं. आसपासच्या गावात तेवढी एकच मोटार. दादा तिला बैलासारखा जपायचा. अवसंला बैल जुपत न्हाईत ना, तसा तो अवसंला मोटार बी जुपायचा न्हाई. त्या दिवशी खालचा नट काढून काळं तेल घमेल्यात सोडायचा अन् नवं भरायचा. जाड तेल उन्हाळ्यात, पातळ थंडीत. तेल दोन बोटांत चोळून बघायचा, धोतराच्या सोग्याला पुसून रंग बघायचा. वैनी म्हणायच्या, "मोटारीचं तेल बदलायला धरून बसलाव, आधी धोतर बदला की." दादा म्हणायचा, "धोतर रस्त्यात बंद पडत न्हाई." देशमुख चिडायचे, की अजून तेल चांगलं दिसायलंय, कशाला सांडतूस? दादा म्हणायचा, मालक, दिसायलंय चांगलं, हाताला न्हाई लागत. अन् काळं तेल बी सांडायचा न्हाई. गाडीच्या कण्याला घालायला गावच्या लोकांना वाटायचा.

मग निजामाच्या राज्याचं शेवटचं साल आलं. राकेल न्हाई, मीठ न्हाई, मोटारीच्या तेलाचं तर नावच न्हाई. बाहेरून माल यायचाच बंद झाला. देशमुख बायकालेकरं घेऊन वऱ्हाडात निघून गेले अन् मोटार दादाच्या हवाली करून गेले. आठवडाभरात बंदुकावाले आले. राज्य आपलंच ऱ्हावं म्हणून गावोगाव फिरणारे लोक व्हते ते. म्हणले, मोटार पायजे, डायवर बी पायजे. दादा न्हाई म्हणला तर त्याला चावडीसमोर बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. खालचे दोन दात तिथंच पडले. मग नेलं. ज्या गावाला हे लोक जायचे तिथं मागून धूर निघायचा. दादा परत आला की जेवायचा न्हाई. एकदा म्हणला, "बाई, मी चाक धरतो अन् ते माणसं मारतेत. माझे हात कशात हायेत मलाच कळंना."

त्याच्याजवळ चांगल्या तेलाचा एक डबा व्हता, आधीचा, पिंगळीच्या टेसनावरून आणलेला. तो त्यानं माझ्या मालकाच्या मदतीनं आमच्या कडब्याच्या गंजीखाली पुरला. अन् मोटारीत करडीचं तेल भरलं. आपल्याकडं पिकतं तेच, घाण्याचं. त्या लोकांना सांगितलं, दुसरं मिळत न्हाई, तेल ते तेल. त्यांनी मान डोलावली. पण ज्यानं करडीचं तेल कढवलेलं बघितलंय त्याला म्हाईत हाय. लय तापलं की ते चिकटायला लागतं, डिंकासारखं व्हतं. मोटेच्या चामड्याला तेच तर फासायचे, पाणी झिरपू नये म्हणून. दादाला तेच पायजे व्हतं. मोटार त्या लोकांच्या बुडाखाली मरावी, अन् कुणाला आपला संशय येऊ नये. झालं बी तसंच. मोटार धूर ओकायला लागली, चढाला थांबायला लागली. त्यांनी दादाला आणखी एकदा तुडवलं अन् मोटार गाडीखान्यात टाकून गेले. ती तशीच पडून राहिली, पोटात ते तेल घेऊन.

बैशाखात ते परत आले. दिवस कासराभर वर आला व्हता. आधी वेशीजवळची घरं पेटली. पाटलाच्या गड्यानं दार धरलं तर त्याला दारातच गोळी घातली, तो उंबऱ्यावर आडवा पडला अन् ते त्याच्या अंगावरून आत गेले. बायांनी विहिरीकडं धाव घेतली. माझे मालक गंजीकडून पळत आले, माझ्या म्होरं उभे राहिले, हातात कुऱ्हाड. एकाच्या खांद्यात घातली त्यांनी. दुसऱ्यानं तलवार मारली, मांडीला. हाड दिसलं मला. रगत कारंजासारखं उडत व्हतं. मग ते लोक जित्राबं हाकत दुसऱ्या आळीला गेले, म्हणून आमी वाचलो. मी लुगडं फाडून मांडीच्या वर आवळून बांधलं. दादा अन् नन्हेमियाँनी त्यांना बाजंवर टाकून गाडीखान्यात आणलं.

परभणीचा दवाखाना लांब. टेसनावर त्याच लोकांचा पहारा, म्हणजे आगगाडी न्हाई. बैलगाडीनं गेलो तर पोचतच न्हाई. राहिली मोटार. दादानं ती चालू केली अन् कान लावून ऐकली. मग बंद केली अन् खाली घुसला.

"आरं काय करायलास?" सासू म्हणली.

"तेल काढायलो मामी. ह्या तेलावर न्हाई जायची."

सासूनं कपाळ बडवून घेतलं. "माझं लेकरू मरायलंय अन् तू तेल बदलायलास?" दारातले लोक बी वरडायला लागले. कुणी म्हणालं, त्याला बाहेर वढा. कुणी म्हणालं, भ्यालाय तो, जायचं न्हाई त्याला. एकानं ढेकूळ फेकून मारलं. ते मडगाडाला लागलं.

तवा माझ्या मालकांनी डोळे उघडले. आवाज लय बारीक व्हता. गलका एवढा, की बाजंजवळच्यांनाच ऐकू आलं. दादाला, मला अन् त्यांचं डोकं मांडीवर धरून बसलेल्या नन्हेमियाँला.

"दगडू, ह्या तेलावर कुठवर जाईल?"

"वढ्यापर्यंत, दाजी. चढाला मरंल."

"मंग काढ. वाटंत बंद पडली तर ही एकटी सापडंल त्यांना." ही म्हणजे मी.

दादानं काढलं. ते तेल धार धरून पडंना, गुळाच्या पाकासारखं लोंबत व्हतं. नन्हेमियाँ सळईनं खरवडत व्हते अन् म्हणत व्हते, "गिर रे बाबा, गिर." घरातलं उरलेलं राकेल घालून एकदा इंजन फिरवलं, ते बी काढलं. मी गंजीखालचा डबा आणला. गंजी एका अंगानं पेटली व्हती. माझा हात भाजला, डाग हाय अजून. एक डाळ शिजंल एवढा येळ गेला त्याच्यात. तेवढा येळ मालकांचं रगत बाजंखाली पडत व्हतं, मी बघत व्हते. दादानं चांगलं तेल भरलं, नट आवळला, तवा त्याचे हात काळे अन् तोंड पांढरं झालं व्हतं. मालकांना मागं निजवलं, मी त्यांच्याजवळ बसले, अन् आमी तिघंच निघालो.

वढ्यावर ते लोक व्हते. दोघं रस्त्यात उभे राहिले, एकानं बंदूक उगारली. दादानं मोटार हळू केली न्हाई. एक बाजूला झाला, एक झाला न्हाई... चाकाखालचा आवाज मला आठवतो. गोळी मागच्या पत्र्यातून घुसून माझ्या कानाजवळून गेली. चढ आला. मोटार थांबली न्हाई. दवाखान्यापर्यंत कुठंच थांबली न्हाई.

मालक पोचले तवा जिवंत व्हते. टाके पडले. डाक्टर म्हणले, रगत लय गेलंय, सांगता येत न्हाई. दोन दिवसांनी गेले ते.

लवकर निघालो असतो तर वाचले असते का, हे मला म्हाईत न्हाई. डाक्टरला बी म्हाईत नव्हतं. पण त्या करडीच्या तेलावर निघालो असतो तर वढ्याच्या चढाला काय झालं असतं, ते मला म्हाईत हाय. तिघं बी तिथंच राहिलो असतो, अन् माझं काय केलं असतं त्यांनी, ते सांगायला नातीला बसवणार न्हाई मी.

सासूला मी सांगितलं, तुमच्या लेकानंच काढ म्हणलं. ती म्हणली, भावाकडून बोलणारच तू. नन्हेमियाँनी बी चावडीवर सांगितलं. पण पावसाळ्यात राज्य बदललं, अन् कुणाकुणाचा राग कुणाकुणावर निघाला. नन्हेमियाँला आपल्याच गावच्या लोकांनी त्यांच्या भात्याजवळ कुऱ्हाडीनं तोडलं. बाजंवर माझ्या मालकांचं डोकं ज्यानं मांडीवर धरलं व्हतं, तो माणूस. दादा मधी पडला तर त्याला बी काठ्यांनी बडवलं. नन्हेमियाँ गेल्यावर गावात दादाची बाजू सांगणारं दुसरं कुणी राहिलं न्हाई, अन् त्यानं स्वतः कवाच सांगितली न्हाई. म्हणायचा, "मामीचा पोरगा गेलाय, तिला काहीतरी धरायला पायजे. मलाच धरू दे."

पुढं परभणीत दुसऱ्याच्या मोटारी चालवल्या त्यानं. अवसंला तेल बदलायचंच. पण आता दार लावून, एकटाच. कुणी आत गेलं तर हातातलं काम थांबवायचा, माणूस बाहेर जाईस्तोवर थांबायचा. वैनी दाराबाहेर चहा ठेवायच्या... तो थंडच व्हायचा.

आमच्या गावातली, पिंगळीच्या अंगची, त्या काळची म्हातारी माणसं अजून कुणाकुणाच्या घरात असतील. त्यांना डोळ्यानं दिसत नसंल. ज्याच्या हातात हे पडंल त्यानं त्यांना एकदा वाचून दाखवावं, एवढंच माझं म्हणणं हाय.