मोठी अळी

अमडापूर फाट्यावर बसची वाट पाहत होतो. रस्त्यालगतच्या कपाशीत एक माणूस मोबाईलसमोर रडत होता. तिसऱ्यांदा. आधी दोनदा मध्येच ट्रक आडवा गेला होता.

"मित्रहो, सगळे यश दाखवतेत, मी माहं अपयश दाखवून राह्यलो," असं म्हणत त्याने बोंड फोडलं. आतली गुलाबी अळी बोटावर घेतली आणि वैतागून फेकली. "बारीक आहे, दिसतच नाही." मोठी सापडेपर्यंत त्याने आणखी पाच-सहा बोंडं फोडली. मग खिशातून कंगवा काढला आणि केस नीट विस्कटून घेतले.

व्हिडिओ टाकून तो माझ्याजवळ सावलीला आला. बीटी कपाशीच्या बियाण्याच्या थैलीत साध्या कपाशीचं एक छोटं पाकीट येतं. ते शेताच्या कडेने लावलं तर अळीला बीटीतलं विष पचवायची सवय लवकर लागत नाही. मी विचारलं, "भाऊ, ते पाकीट लावलं होतं का?"

"कोन लावते ते?"

"मग व्हिडिओत काऊन नाही सांगतलं?"

"ते सांगतलं त लोकं मलेच शिव्या देतील ना!"

असले हे खरेपणाचे दुकानदार! स्वतःची चूक सोडून सगळं उघडं करतील.

घरी येऊन बायकोला हे तिखटमीठ लावून सांगितलं. ती गोठ्यात गेली. कुडात खोचलेलं आमचं न फोडलेलं पाकीट तिने माझ्यापुढे ठेवलं.

"तुमचाबी काढू का व्हिडिओ?"