नूतनताईंच्या नंबरवर कोण होतं

पेणच्या पोह्यांच्या गिरणीत नूतन कामाला लागली तेव्हा सापाचं नाव काढलं तरी तिच्या अंगावर काटा यायचा. भाताच्या पोत्यांमागं उंदीर, उंदरांमागं साप, हे तिथलं रोजचंच. पकडायला येणाऱ्या माणसांकडे लांबून बघता बघता तीच शिकली. आधी धामण, मग नाग, आणि चाळिशीला येईतो पेणपासून रोह्यापर्यंतच्या वाड्यांमधून तिला बोलावणी यायला लागली. ग्रामपंचायतींच्या भिंतींवर तिचा नंबर रंगवलेला होता. अलीकडे तर लोक फोनही करत नसत. सापाचा फोटो काढायचे, व्हॉट्सॲपवर टाकायचे आणि विचारायचे, "ताई, हा कोणता?" नूतन हातातलं काम टाकून उत्तर द्यायची. बिनविषारी असला तर वाट द्या म्हणायची, विषारी असला तर स्कूटर काढायची.

बेणणीच्या, म्हणजे भातातलं तण काढायच्या दिवसांत, एका दुपारी, अक्षयचा मेसेज आला. अक्षय रोह्याकडचे साप धरायचा. दोघांची चांगली ओळख. "ताई, माझा एक कोड चुकून तुझ्या नंबरवर आलाय. पाठव ना पटकन." खरोखरच सहा आकड्यांचा एसेमेस येऊन पडला होता. खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. नूतनचे हात कोंड्याने माखलेले. तिनं बोटाचं टोक पदराला पुसलं, आकडे अक्षयला पाठवले आणि चाळणीकडे वळली.

थोड्या वेळानं बघते तर व्हॉट्सॲप बंद. नंबर पुन्हा टाका म्हणत होतं. टाकला, तर आता कोड मिळणार नाही, खूप वेळा प्रयत्न झालाय, उद्या बघा, असं आलं. प्रयत्न कोणी केला? तिनं तर पहिल्यांदाच केला होता.

तिनं अक्षयला फोन लावला.

"अक्षय, तुझा तो कोड..."

"ताई, दिलास काय?" त्याचा आवाज एकदम खाली गेला. "माझं व्हॉट्सॲप सकाळीच कुणीतरी पळवलंय. मी नव्हतो तो."

घरी नणंद प्रणिता होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, किती वेळा म्हटलं तुला, तो दुसरा पिन टाकून ठेव. एसेमेसचा कोड म्हणजे एक कुलूप. ते कुणी उघडलंच, तर आतलं दुसरं आपल्याकडे राहतं. तू म्हणायचीस, पावसाळा जाऊ दे."

"आता काय करायचं?"

"बघू या, कोण बसलाय तो."

प्रणितानं आपल्या फोनवर नूतनचा नंबर उघडला. फोटो नूतनचाच, गळ्यात अजगर घेतलेला. नाव तेच. फोटोखाली नूतननं कधीतरी लिहून ठेवलेलं वाक्यही तेच: घाबरू नका, मारू नका, बहुतेक साप बिनविषारी असतात. प्रणितानं जुना एक घोणसाचा फोटो शोधला आणि पाठवला. "ताई, हा कोणता?"

दोन खुणा निळ्या झाल्या. 'टायपिंग' दिसायला लागलं. नूतन स्वतःच्या फोटोकडे बघत राहिली. ती इथं उभी होती आणि तिकडं ती लिहीत होती.

"घाबरू नका. मारू नका. बिनविषारी आहे." आणि लगेच खाली: "थोडी अडचण आहे, जरा पैसे पाठवता का? उद्या देते."

प्रणिता पैशांचं काहीतरी बोलत होती. नूतनला ते ऐकूच आलं नाही. घोणस. घोणसाला हा माणूस बिनविषारी म्हणाला. त्याला साप कळत नव्हता, कळायची गरजही नव्हती. तिचंच वाक्य उचलून तो विचारणाऱ्याला गप्प करत होता. आणि विचारणारे आज किती असतील? शेतांतून, पडव्यांतून, चुलीमागून?

दोघींनी फोन लावायला घेतले. ज्यांचे नंबर फोनमध्ये होते ते सरपंच, आशा सेविका, शाळेचे मास्तर. "माझ्या नंबरवरून काही आलं तर ऐकू नका. थेट फोन करा." कुणी उचलला, कुणी शेतात होता. नूतनचा स्वतःचा फोन मात्र गप्प होता. ऐन पावसाळ्यात तो असा कधी गप्प बसला नव्हता. लोकांना उत्तरं मिळत होती, मग फोन कशाला करतील?

सकाळी तो वाजला. रोह्याच्या अलीकडच्या वाडीतली भाविका रडत होती.

"ताई, तुम्हीच म्हणालात ना काय नाय म्हणून? अजगराचं पिल्लू वाटलं. सासऱ्यांनी हातानं उचलला बाहेर टाकायला..."

"हात हलवू देऊ नका. अंगठी काढा. कापू नका, आवळून बांधू नका, रोह्याला दवाखान्यात न्या. आत्ता. मी येते."

भाविकाचे सासरे गुणाजी घोणस चावूनही वाचले. रोह्याला इंजेक्शनं झाली, मग मूत्रपिंडासाठी पुढं न्यावं लागलं, आणि उजव्या हाताचं एक बोट गेलं. त्या सकाळी नूतन दवाखान्याच्या ओट्यावर बसून होती तेव्हा गुणाजींची बायको गिरजाबाई तिच्यासमोर आली. तिनं मोबाइल पुढं धरला.

"तुझाच फोटो हाय गो ह्याच्यावर. म्या म्हटलं, नूतन बोलली म्हंजे झालं."

"मावशी, ती मी नव्हते."

गिरजाबाईनं एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "मग कोण व्हतं?"



त्याच दिवशी तिला कोड मिळाला. तो टाकला तसा आतला माणूस बाहेर फेकला गेला. पण जाण्याआधी त्यानंच तो दुसरा पिन लावून ठेवला होता. नूतननं न लावलेलं कुलूप त्यानं लावलं होतं. आठवडाभर थांबा, असं फोन सांगत होता. आठवडाभर तिच्या नावाचं दार ना त्याला उघडं होतं ना तिला.

आठवडा सरल्यावर प्रणितानं समोर बसून पिन घालून घेतला, ईमेल जोडला. सगळं परत आलं. फक्त तो एक दिवस आला नाही. दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी काय विचारलं आणि त्यांना काय सांगितलं गेलं, याचा तिच्या फोनमध्ये मागमूस नव्हता.

मग पूर्वी कधी सापाचा फोटो पाठवलेल्या एकेकाला ती फोन करत सुटली. बहुतेकांनी नाही म्हटलं. नागोठण्याच्या पुढच्या एका घरातून आदेश नावाचा माणूस मोकळेपणानं म्हणाला, "व्हय ताई, टाकला होता ना फोटो. काळा, अंगावर पांढरे पट्टे. तुम्ही म्हणालात मारू नका, म्हणून नाय मारला."

नूतननं लगेच ओळखला. मण्यार. "मग कुठं सोडलात?"

"सोडला कुठं? हाय तिथंच हाय. मागच्या पडवीत, लाकडांत. आम्ही तिकडंच निजतो, पण तुमचा शब्द हाय म्हटल्यावर..."

"सगळे बाहेर या. लाकडांना हात लावू नका."

ती पोचली तेव्हा घरातली माणसं अंगणात उभी होती, थोडी हसत, थोडी गोंधळून. नूतननं लाकडं एकेक काढली. भिंतीशी, विटांच्या फटीत, ताजी कात होती; लांब, ओलसर. साप नव्हता. तिनं टॉर्च मारून फट पाहिली. फट आत, घराच्या बाजूला, गेलेली होती.

"आज इथं कोणी निजायचं नाय," ती म्हणाली. आदेशनं मान हलवली, मग जरा थांबून विचारलं, "ताई, हे नक्की तुम्हीच सांगताय ना?"