ईडन प्रेरीतला कुकाबरा

आमच्या घरात कुकाबरा आहे, असं माझा फोन ठामपणे सांगत होता. बाहेर ईडन प्रेरीत गुडघाभर बर्फ होता, खिडक्या घट्ट बंद होत्या आणि कुकाबरा हा पक्षी राहतो ऑस्ट्रेलियात. स्क्रीनवर मात्र त्याचा फोटो झळकत होता. मोठं डोकं, जाडजूड चोच, आणि नुकतीच कुणाची तरी फजिती पाहिल्याचा भाव. फजिती माझीच होती, कारण हे सगळं क्लायंटच्या डेमोत चाललं होतं.

"ओह, लव्हली!" मेलबर्नहून ग्लेनिस म्हणाली. ग्लेनिस म्हणजे आमची क्लायंट. "मिनेसोटात कुकाबरा?"

माझा बॉस डॅन सांता क्लाराच्या ऑफिसातून बघत होता. त्याला यात लव्हली काही दिसलं नाही.

पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगणारं ॲप आमची कंपनी बनवते. ग्लेनिसच्या ट्रॅव्हल कंपनीला त्याची खास ऑस्ट्रेलियाची आवृत्ती हवी होती. तिथल्या माणसांना परसात बसून वापरता यावी आणि पाहुण्यांना हिंडता हिंडता. मी टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. माझा नवरा म्हणतो, हे काम तू फुकटसुद्धा केलं असतंस.

ऑस्ट्रेलिया मी अजून पाहिलेला नाही. घरी स्पीकरवर तिथल्या पक्ष्यांची रेकॉर्डिंग्ज लावायची आणि फोन बरोबर नाव सांगतो का ते बघायचं, एवढीच माझी पक्षीनिरीक्षणाची सहल. त्या थंडीत आमच्या हॉलमध्ये दिवसभर मॅगपाय गायचे, व्हिपबर्ड चाबूक ओढल्यासारखे ओरडायचे. ऐकायला दोघी, मी आणि मिरजेहून आलेली माझी काकू.

काका गेल्यावर काकू हसायचीच थांबली होती. मी हट्टाने तिला इकडे अमेरिकेत आणलं. सुरुवातीला ती नुसती खिडकीशी बसून बर्फ बघायची. मग हळूहळू या पक्ष्यांबद्दल तिची मतं तयार झाली. मॅगपाय आवडला. "ती गाणारी लाव गं," म्हणायची. काकाकुव्याचं किंचाळणं लागलं की, "बंद कर, नळावरची भांडणं इथे नकोत." आणि एक दिवस सांगलीच्या शकूशी, तिच्या जुन्या मैत्रिणीशी, फोनवर बोलता बोलता ती पूर्वीसारखी खळखळून हसली. मला इतका आनंद झाला की भाजी करपली तरी कळलं नाही.

तर डेमो. मी मॅगपाय लावला होता आणि फोन म्हणाला कुकाबरा. आमच्यात याला 'फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणतात. नसलेली गोष्ट आहे म्हणून सांगणं. डॅनने जाहीर केलं की हा बग निघाल्याशिवाय ऑस्ट्रेलियाची आवृत्ती बाहेर पडणार नाही. तेव्हापासून दर सोमवारच्या मीटिंगचं पहिलं वाक्य तेच.

"सो, कुकाबरा?"

आणि स्वयंपाकघरातून काकू खणखणीत आवाजात: "बरी आहे हो! गुडघा तेवढा दुखतो!"

डॅनचा उच्चार, माझ्या लॅपटॉपचा फुटका स्पीकर आणि काकूचे कान, या तिघांनी मिळून 'कुकाबरा'चं 'काकू, बऱ्या?' केलं होतं. पहिल्यांदा मी माइक बंद करून पोट धरून हसले. तिला खरं सांगणार तेवढ्यात तीच म्हणाली, "तुझा साहेब फार सज्जन आहे हो. कामाच्या आधी माणसाची चौकशी करतो. मिरजेत काका गेल्यावर लोक आधी रोज यायचे, मग कुणी विचारेनासं झालं." खरं सांगायचं मी रद्द केलं.

बगचा शोध चालू होता. मी स्पीकर बदलला, रेकॉर्डिंग बदललं, फ्रिजसुद्धा बंद करून पाहिला. कुकाबरा काही पुन्हा उगवेना. मग एका सकाळी स्पीकर बंद, नुसतं ॲप चालू असताना आतल्या खोलीत शकूचा फोन आला. काकू हसायला लागली. आधी घशातल्या घशात घुर्र, मग चढत जाणारं हू-हू-हू, मग घर दणाणून सोडणारं हा-हा-हा, आणि शेवटी उचकी. माझ्या हातातल्या फोनवर तो जाडजूड चोचीचा फोटो उमटला. डेमोच्या वेळीही ती आत शकूशीच बोलत होती.

मी कुकाबऱ्याचं रेकॉर्डिंग काढून हेडफोनवर ऐकलं. घुर्र होतं. हू-हू होतं. उचकी तेवढी नव्हती.

बग सापडला की त्याची रीतसर नोंद करायची असते. त्यात तो पुन्हा कसा घडवून आणायचा त्याच्या पायऱ्या लिहायच्या. मी लिहिलं: एक, ॲप चालू करा. दोन, काकूला हसवा. मग ते खोडून 'घरातील व्यक्तीचे हास्य' असं सभ्य काहीतरी लिहिलं आणि सांता क्लारातल्या प्रणवला पाठवलं. प्रणव आमचा डेव्हलपर, मूळ नागपूरचा. आवाज ओळखणारं मॉडेल, म्हणजे ॲपचा मेंदू, त्याच्याकडे.

"यार, माणसांच्या हसण्याचे ढीगभर नमुने दिलेत आपण मॉडेलला," तो म्हणाला. "माझे रूममेट्स हसले, मी हसलो. काही होत नाही. कोण हसतंय तुझ्याकडे?"

"काकू."

"मग काकूंचंच हसणं रेकॉर्ड करून पाठव. त्यावर 'पक्षी नाही' असं लेबल लावतो. मॉडेल शिकेल. पण त्यांना विचारून हं. न विचारता कुणाचा आवाज वापरलेला चालत नाही."

तो नियम नसता तरी मी चोरून रेकॉर्ड केलं नसतं. पण सांगायचं कसं? बाई गं, तुझं हसणं पक्ष्यासारखं आहे, त्यामुळे माझं काम अडलंय, आणि तो सज्जन साहेब तुझी नाही, पक्ष्याची चौकशी करतोय. इतक्या दिवसांनी हसायला लागलेली बाई हे ऐकून पुन्हा गप्प झाली तर? नोकरीत असले सतरा बग पत्करले असते मी. काकूचं हसणं माझ्यामुळे बंद झालेलं मला सोसलं नसतं. दोन दिवस मी नुसती तिच्या मागेमागे फिरले.

"काय हवंय तुला?" शेवटी तीच म्हणाली. "लहानपणी लाडू हवा असला की अशीच घुटमळायचीस."

मग मी सगळं सांगून टाकलं. डॅनचंसुद्धा.

काकूने हातातली पोळी लाटून पूर्ण केली. तव्यावर टाकली. गॅस बारीक केला.

"म्हणजे तो मला विचारत नव्हता."

"नाही गं."

"आणि मी त्याला गुडघ्याचं सांगत होते."

"तेव्हा माइक बंद असायचा," मी म्हणाले. हे खोटं होतं.

"लाव बघू तो पक्षी."

मी लावला. काकूने मान तिरपी करून शेवटपर्यंत ऐकला. चेहरा जराही हलला नाही.

"काका म्हणायचे," ती सावकाश म्हणाली, "हळू हस, गल्लीतली कुत्री उठतात." आणि घुर्र झालं. मग हू-हू. मग पोळी जळाली आणि फोन म्हणाला, कुकाबरा. तो फोटो तिला दाखवला, तर ती हसत हसत खुर्चीतच बसली, आणि फोन पुन्हा म्हणाला, कुकाबरा.

नमुन्यांची चिंता तिथेच मिटली. ती हसली की ॲप चुकायचं, ॲप चुकलं की ती हसायची. मला फक्त रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं होतं. काकूने शकूला व्हिडिओ कॉल करून प्रात्यक्षिक दाखवलं. शकूने प्रयत्न केला, पण तिला ॲपने बदक ठरवलं. यावर काकू सगळ्यात जास्त हसली.

प्रणवने मॉडेल नव्याने शिकवून पाठवलं. मी काकूसमोर फोन धरला. ती हसली. फोन गप्प राहिला. पुन्हा हसली. गप्पच.

"ओळख विसरला मेला," काकू म्हणाली. मला यश मिळालं होतं आणि तिचं तोंड उतरलं होतं.

शेवटचा डेमो. मी मॅगपाय लावला, फोन म्हणाला मॅगपाय. काकाकुवा, व्हिपबर्ड, सगळे बरोबर. इतक्यात आतून घुर्र, हू-हू, हा-हा-हा. शकूचा फोन. मी स्क्रीनकडे पाहिलं. काही नाही.

"थांबा," ग्लेनिस म्हणाली. तिचा जन्म ऑस्ट्रेलियात गेलेला. "कुणाकडे कुकाबरा आहे?"

सांता क्लारात प्रणव हसू लपवायला टेबलाखाली गेला. डॅनला त्याने बहुतेक सगळी हकिगत सांगितली असावी, कारण डॅन कॅमेऱ्याजवळ सरकला, घसा साफ केला आणि पाठ केलेलं मराठी एकेक शब्द जपून म्हणाला, "काकू, बऱ्या आहात?"

शुद्ध मराठी. लॅपटॉपच्या फुटक्या स्पीकरवरही स्पष्ट.

आतून काकूचा आवाज आला. "अगं, साहेब पक्ष्याचं विचारतोय बघ. काय ते सांग त्याला."

"काकू, आता खरंच तुलाच विचारतोय!"

"हो हो. एकदा फसले तेवढं पुरे."

असलेली गोष्ट नाही म्हणून सांगणं, याला आमच्यात 'फॉल्स निगेटिव्ह' म्हणतात. एक बग काढताना दुसरा आत शिरतो, तो असा. तो काढायला डॅनला पुढचे कित्येक सोमवार विचारत राहावं लागलं, तेव्हा कुठे एकदा उत्तर आलं. गुडघा आता बरा आहे.