आधी थांबायला लावणारी आन्याइत

आमच्या इस्पितळातल्या आन्याइतला सगळे गोगलगाय म्हणायचे. मीही म्हणायचे. रक्त तपासणारी ती एकटीच. खिडकीशी कोणी कितीही धापा टाकत आलं, तरी तिचं ठरलेलं, "बसा. वेळ लागेल."

तिसऱ्या बाळंतपणात माझं रक्त थांबेना. मुलगी खणखणीत रडत होती, मी मात्र पांढरीफटक पडलेली. आधीच्या दोन्ही वेळी मला रक्त चढवलेलं, गट माहीत होता, बी पॉझिटिव्ह. त्याच गटाच्या तीन पिशव्या शिल्लक होत्या. पुढचं मला नवऱ्यानं, ओकुरुतनं, नंतर सांगितलं.

आन्याइतनं पिशवीतल्या रक्ताचा थेंब माझ्या रक्तावर साचलेल्या पिवळसर पाण्यात मिसळला. काही झालं नाही.

"जुळलं की!" ओकुरुत म्हणाला. "आता द्या ना, बाई."

"अजून नाही. अर्धा तास गरम पाण्यात ठेवणार."

"अर्धा तास? तिकडं बायको मरतेय माझी! रक्त उकडून देणार आहात का?"

वीज गेलेली होती, म्हणून थर्मासमधलं पाणी वाटीत ओतून, त्यात बोट बुडवून, आन्याइत ऊब सांभाळत बसली. मग रक्त मिठाच्या पाण्यानं तीनदा धुतलं, लपलेला बिघाड दाखवणाऱ्या औषधाचा थेंब टाकला आणि नळी खिडकीच्या उजेडात धरली. आत नासलेल्या दुधासारखे लाल कण झाले होते.

"बघ. आधीच्या वेळी दुसऱ्याचं रक्त अंगात गेलं ना, तेव्हा तिच्या शरीरानं त्यातलं काहीतरी परकं म्हणून ओळखून ठेवलंय. गट एकच असला तरी आता ते दिसलं की धरतं. हे नळीत झालं. तिच्या अंगात होऊ देऊ?"

ओकुरुत खिडकीपासून मागं सरला.

तिन्ही पिशव्यांचं तेच झालं. डॉक्टर धावत आले. "आन्याइत, बाई हातची जाईल!"

"हे दिलं तर नक्की जाईल. तुम्ही तिला धरून ठेवा, मी शोधते."

डॉक्टरांनी सलाईनवर आणि पोट दाबून मला धरून ठेवलं. आन्याइतनं मागच्या दारी जो दिसेल त्याला हाक मारली. दोन दिरांचं रक्त जुळलं नाही, शाळेच्या मास्तरांचं नाही. मग फाटकावरचा राखणदार लोकिरू बाही वर करून आला. तो शेजारच्या कारामोजा मुलखातला.

सासूबाई ताडकन उठल्या. "याच्या लोकांनी माझी सतरा गुरं हाकून नेली!"

"तोतो, तेव्हा मी रांगत होतो," लोकिरू म्हणाला. आमच्याकडं आईला तोतो म्हणतात. "गुरं मागायचीत तर नंतर माग. आधी सून घे."

आन्याइतनं नळी गरम केली, धुतली, हलवली. रक्त मोकळं वाहिलं. तिनं पुन्हा तपासलं. रक्तातून पसरणाऱ्या रोगांची चाचणी केली, तीही स्वच्छ निघाली. मग म्हणाली, "हे घ्या. चढवा."

दोन दिवसांनी ती माझ्या खाटेशी आली आणि कुठलं रक्त मला चालत नाही ते लिहिलेलं एक कार्ड हातात दिलं. "कुठल्याही इस्पितळात गेलीस तर हे आधी दाखव. घाई करतील, तू करू देऊ नकोस."

मी तिचा हात धरला. "सगळे ओरडत होते, तुम्ही डगमगला कशा नाहीत?"

"डगमगले होते की. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी घाई केली होती. एक माणूस गेला. त्या माणसाच्या बायकोला माझं नाव अजून माहीत नाही." तिनं माझी चादर नीट केली. "मला मात्र तिचं माहीत आहे."

आता ती निवृत्त आहे, भुईमुगाचं छोटं रान करते. पेरणीनंतर मी लेकीला घेऊन निंदायला जाते. बाजरीच्या भाकरीसोबत शेंगदाण्याच्या कालवणातली पालेभाजी नेते. आभार मानले की तिला राग येतो.

"नळीनं सांगितलं, मी ऐकलं. तुझं काय म्हणणं, मी आणखी काय केलं?"

"काही नाही," मी म्हणते, आणि शेजारच्या ओळीतलं तणही काढायला घेते.