सावळारामची न प्यालेली दारू

भवानीनगरला साखर कारखान्यात फिटर असलेल्या सावळारामनं १९९४ साली दारू सोडायचं ठरवलं. बारामतीच्या डॉक्टरांनी त्याला समजावून रोजची गोळी सुरू केली. बजावलं, "ही चालू असताना एक घोट जरी घेतलास तरी जीव नकोसा होईल." सावळाराम घाबरला आणि महिनाभर बाटलीकडं फिरकला नाही.

तेवढ्यात निरवांगीहून त्याची थोरली बहीण साखरबाई आली. तिनं गावातल्या बायका गोळा करून दारूची भट्टी फोडली होती, त्यामुळं तालुक्यातले पिणारे तिला टरकून असत. भावाकडं बघून ती हळहळली.

"किती वाळलास रं! भूक लागत न्हाय व्हय?" असं म्हणत तिनं पिशवीतून द्राक्षासवाची बाटली काढली. "आवशीद हाय. मी सोता रोज घेती."

बहिणीच्या मायेनं तिनं चमच्याऐवजी अर्धा पेला भरला. सावळारामनं तो मुकाट्यानं संपवला.

जेवण उरकेपर्यंत त्याचं तोंड लालभडक झालं. छाती धडधडू लागली, डोकं ठणकू लागलं, आणि अंगणात जाऊन तो भडाभडा ओकला. त्याची बायको म्हाळसा धावत आली.

"कुठं ढोसून आलासा?"

"तुझी आन, थेंब न्हाय घेतला!"

"आन घालाया लाज वाटत न्हाय?" साखरबाई कडाडली.

इतकी वर्षं पिऊन 'न्हाय' म्हटलं की घरात चालून जायचं. आज खरं बोलत होता, तर कुणी ऐकेना. बिचाऱ्याला रडूच कोसळलं.

शेजाऱ्याच्या जीपनं त्याला बारामतीला नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि दिवसभरात काय काय पोटात गेलं ते विचारलं. द्राक्षासवाचं नाव येताच ते थांबले.

"ते आंबवून करतात, त्यात दारूचा अंश असतो. पोटात गेलेल्या दारूचं लिव्हर आधी विष करतं, मग लगेच त्या विषाचा साधा आंबट पदार्थ करून टाकतं. ही गोळी दुसरं काम अडवते. मग विष अंगातच साठतं."

साखरबाई खुर्चीत बसली. "म्हंजी... मी रोज दारू पिती?"

"औषधापुरती, बाई."

"पर पिती न्हवं!"

परतीच्या वाटेवर ती आपण किती वर्षं घेतोय याचा बोटांवर हिशेब करत होती.

म्हाळसानं नवऱ्याची माफी वगैरे मागितली नाही. पण त्या दिवसापर्यंत ती गोळी त्याच्या जिभेवर ठेवायची आणि पाणी प्यायल्यावर तोंड उघडायला लावायची. दुसऱ्या दिवशी तिनं अख्खं पाकीट त्याच्या हातात दिलं. सावळारामनं ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि दिवसभर छाती पुढं काढून हिंडला.

पुढं डॉक्टरांनी गोळी बंद केली, तरी तो प्यायला नाही. कारखान्यात कुणाला सोडायची झाली, की लोक त्यालाच गाठत.

तो सांगे, "डाक्टरला इचारल्याबिगार गोळी घ्यायची न्हाय. आन् घेतलीच, तर आमच्या आक्काच्या हातचं काय बी प्यायचं न्हाय."