लाखेने बसवलेलं बूच

मी आमच्या घरातला पहिला बी.ए. हैदराबादेत राहून, उर्दूतून शिकून पास झालो. हे मी आधीच सांगतो, कारण त्या दुपारी जालन्याच्या मस्तगडात, आमच्या गल्लीत, मी मोटारीखाली उताणा पडलो होतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझे फक्त पाय दिसत होते.

मोटार वडलांची. वडलांना आम्ही दादा म्हणत असू. आधी ते बैलांचा छकडा हाकत. पुढे कापसाच्या एका जिनवाल्या शेठची मोटार चालवायला शिकले, आणि शेठने नवी घेतली तेव्हा जुनी दादांनी घेतली. तिच्यावर जालना-अंबड भाडं मारत. त्यात खात्रीचं गिऱ्हाईक एकच, एक वकीलसाहेब. अंबडच्या अदालतीत पेशी असली की ते आमच्याच मोटारीने जात. मागच्या खेपेला इंजिन तापून मोटार वाटेत बसली, आणि साहेब पोचेतो त्यांच्या पक्षकाराचा पुकारा होऊन गेला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. परत असं झालं तर दुसऱ्याची मोटार बघावी लागेल, एवढंच बोलले. ते गिऱ्हाईक गेलं असतं तर मोटार विकायची पाळी होती. दादांना छकड्यावर परत बसायचं नव्हतं. उद्या सकाळी पुन्हा पेशी होती.

तेल जुनं झालं की इंजिन तापतं, म्हणून दादांनी ठरवलं, जुनं तेल काढून नवं भरायचं. इंजिनाच्या खाली तेलाचं भांडं असतं, त्याच्या तळाला एक जाड आट्याचं बूच. ते पान्ह्याने फिरवून काढायचं की तेल खाली येतं. पण दादांची एक रीत होती. मोटारीचं काही काम काढायचं तर ती आदल्या दिवशीपासून उभी ठेवायची. लांबून आलेल्या बैलाला दम खाऊ देतात, मग खुरांना पत्री मारायला आडवा पाडतात, तसं. त्यामुळे त्या दुपारी इंजिन रांजणासारखं थंडगार होतं.

दादांनी खाली शिरून पान्हा लावला. बूच हललं नाही. पान्ह्याला नळीचा तुकडा जोडून जोर केला, तेव्हा पान्हाच सटकला आणि बुचाचे कोपरे गेले. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. सहा कोपऱ्यांचं बूच सुपारीसारखं गोल झालं. मग त्यांनी छिन्नी आणि हातोडी मागितली. मी दिली नाही. भांडं फुटलं तर जालन्यात दुसरं मिळणार नव्हतं.

ते बाहेर आले, कपाळाला तेल लागलेलं. एवढं घट्ट बसलंच कसं, असं मी विचारलं. आधी त्यांनी कपाळ पुसलं. मग म्हणाले, पावसाळ्यात थेंब थेंब गळत होतं, म्हणून शेजारच्या बांगडीवाल्याकडून लाख आणली, वितळवून आट्यांना लावली आणि गरम असतानाच बूच आवळलं. तेव्हापासून गळालं नाही, हेही त्यांनी अभिमानानेच सांगितलं.

बांगडीवाला लाख कशी वळवतो हे आमच्या गल्लीत सगळ्यांनी बघितलेलं. निखाऱ्यावर धरली की ती मेणासारखी होते, थंड झाली की दगड. मी म्हणालो, इंजिन चालू करू, तापू देऊ आणि मग फिरवू.

दादांना ते पटेना. "जनावर चालू असताना जू काढतेत का रे?"

"दादा, हे जनावर न्हाई."

"तुला काय म्हाईत. तू पुस्तकं वाचून राह्यला तवा मी हिला वळण लावलं."

"मंग सकाळी वकीलसाहेबाला हेच सांगा."

हे मी जरा टोचूनच बोललो. ते उठले. मग इंजिन चालू करायचं हँडल घेऊन स्वतःच मोटारीपुढे उभे राहिले.

पण त्यांनी ते फिरवायच्या आधी मी कानस घेऊन खाली शिरलो. गोल झालेल्या बुचाच्या समोरासमोरच्या दोन बाजू घासून सपाट केल्या, लहान पान्हा चपखल बसेल एवढ्या. त्याला वेळ लागला. लोखंडाचा कीस डोळ्यांत जात होता. तेवढ्यात गल्लीतले एक कारकून थांबले आणि खाली वाकून विचारू लागले, बीएच्या वर्गात हेच शिकवतात का. मी बाजूला थुंकलो. तोंडात कीस गेला होता.

दादा वरून म्हणाले, "एमएला टायर असतंय."

मग दादांनी हँडल मारलं आणि इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. भांड्याला हात लावून बघितला, टिकेना. मग बंद केलं, पान्हा बसवला आणि हातोडीने हळूहळू ठोकला. आधी काहीच नाही. मग पान्हा जरासा सरकला. मला वाटलं पुन्हा सटकला, पण तो बुचासकट सरकला होता. पुढे ते हातानेच फिरलं. आट्यांतून लाख गुळाच्या पाकासारखी तार धरून आली आणि मागोमाग काळं तेल माझ्या कोपरावर. चांगलाच फोड आला.

दादांना बूच बसवताना परत लाखच लावायची होती. मी चपलेच्या जुन्या तळाची चकती कापली, तेलात भिजवली आणि बुचाखाली घातली. कातडं गळणार, असं ते म्हणाले. मी म्हणालो, गळलं तर वाटेत तेल घालू. उरलेल्या तेलाचा डबा बरोबर घेऊ. मग बूच आवळून वरून नवं तेल भरलं.

सकाळी वकीलसाहेब बसले. मी डबा मांडीवर घेऊन पुढे दादांच्या शेजारी. वाटेत दादांनी दोनदा मोटार थांबवली, टायर बघतो म्हणून उतरले आणि खाली वाकून बूच बघून आले. साहेबांना कळलं असावं. ते कागदातून डोकं वर काढत नव्हते. अंबडला पोचलो तेव्हा अदालतीचा दरवाजासुद्धा उघडला नव्हता. साहेब उतरले आणि समोरच्या हॉटेलात चहाला बसले.

दादा धोतर सावरून सरळ मोटारीखाली गेले. मी उभा राहून वाट बघत होतो. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला.

"कोरडं हाय."

तेवढ्यात साहेबांनी चहावरून हाक मारली, पुढच्या शनिवारीही पेशी आहे, याच वेळेला निघायचं. दादा अजून खालीच होते. त्यांनी तिथूनच "जी साहेब" म्हटलं.