पत्र्याआडचा घाट

हायवेला लागून, पिंपळवंडीच्या अलीकडे जो माळ आहे, त्याला एके दिवशी चारी बाजूंनी निळे पत्रे लागले. पत्र्यांवर मोठ्या अक्षरांत 'लवकरच येत आहे! भव्य मनोरंजन नगरी!' असं लिहिलं होतं आणि शेजारी आई, बाप, मुलगा, मुलगी असं एक गोरंपान कुटुंब तोंड उघडून हसत होतं. ते कशाकडे बघून हसतंय, हे मात्र चित्रात नव्हतं. पुढची सगळी भानगड त्यातून सुरू झाली.

आमच्या भागात कुणी साधं शेततळं खणायला घेतलं तरी चार माणसं कडेला उभी राहून खोली सुचवतात. इथं तर अख्खा माळ झाकलेला. थोड्याच दिवसांत मोबाइलवर 'पार्क अपडेट' नावाचा ग्रुप निघाला. त्यातल्या रुसलेल्यांनी मग 'पार्क अपडेट अधिकृत' काढला. आत गेलेल्या प्रत्येक ट्रकचा फोटो दोन्हींवर पडायचा. ढाब्यावर थांबलेल्या एका ट्रेलरच्या ताडपत्रीखालून तीन नख्या बाहेर आलेल्या बोरी बुद्रुकच्या कुणीतरी पाहिल्या, तेव्हापासून बोरीकर डायनासोरवर ठाम होते. राजुरीवाले म्हणायचे, बिबट्या ठेवणार. त्यावर आमच्या डेअरीच्या ओट्यावर एकच उत्तर होतं.

"बिबट्या बघायला तिकीट कोण काढंल राव? आपल्या उसात फुकट बसलाय."

आमच्या गावाचं मत वेगळं होतं आणि ते माझ्या वडिलांमुळे पडलं होतं.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा बैलगाडा शर्यतीचे निवेदक. आमच्याकडे शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात. ती चढाची असते. खाली गाडा जुंपायचा, पुढे घोडीस्वार, आणि बैलांनी खालून वर वाऱ्यासारखं पळायचं. एका वेळी एकच गाडा, त्या पळण्याला म्हणायचं बारी. बारी डोळ्याची पापणी लवते न लवते तोच संपते. तेवढ्यात गाडामालकाचं गाव, बैलांची नावं, घोडीचा रंग आणि भाऊबंदांचा उत्साह एका श्वासात बसवायचा, ही दादांची कला. मी बी. ए. झालो ती बातमी गावाला दादांनी घाटावरच्या माइकवरून दिली होती. एक बैल जुंपायला अडला होता, मध्ये वेळ होता, तर "आमच्या घराण्यातला पयला पदवीधर!" अशी गर्जना झाली आणि लोकांनी बैलाऐवजी माझ्यावर भंडारा उधळला. निकालपत्र नंतर हातात पडलं, पण पदवीदान माझं त्या दिवशीच झालं असं मी मानतो.

पुढे काही वर्षं शर्यतींवर बंदी आली. बंदी उठेपर्यंत माइकवर नवी पिढी आली होती. त्यांच्याकडे गाणी वाजवणारा लॅपटॉप होता, काळा गॉगल होता. आमच्याच गावच्या यात्रेला कमिटीने खेडकडचा निवेदक बोलावला आणि दादांना सकाळी 'स्वागताचे दोन शब्द' दिले. दादांनी खरंच दोन शब्द बोलून माइक खाली ठेवला. "या. बसा." त्यानंतर त्यांना कुठूनच बोलावणं आलं नाही.

तर असे दादा एका दुपारी आमच्या कांद्याच्या बराखीवर चढले. बराख म्हणजे कांदा साठवायची हवेशीर चाळ. तिच्या छपरावरून पत्र्यापलीकडचं थोडं दिसायचं. खाली आई शिडी धरून उभी होती.

"काय दिसतंय?"

"मातीचा भराव घालत्यात. लांबलचक. खालून वर, सरळ."

"मंग?"

"मंग काय! घाट हाय त्यो."

"उतरा आता. कौल फुटला तर मी तुमालाच तिथं निजवीन."

दादा उतरले, पण मत उतरलं नाही. कायमचा घाट होणार, रोज शर्यती होणार, पुण्या-मुंबईचे लोक तिकीट काढून बघणार. आणि रोजच्या घाटाला रोजचा माइकवाला लागणार. हे शेवटचं वाक्य दादा मोठ्याने बोलले नाहीत. पण त्या रात्रीपासून कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या सुरू झाल्या.

राजुरीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने ड्रोन उडवला. ड्रोन कुणाच्या तरी उसात पडला, पण त्याआधी एक फोटो मिळाला. तो फोटो घेऊन सगळे माझ्याकडे आले. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. खताच्या गोणीवर, औषधाच्या बाटलीवर, वीजबिलाच्या मागे जे काही छापलेलं असेल त्याचा अर्थ वस्तीला सांगणं हे पदवीपासून माझ्याकडेच आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. मी फोटो नीट पाहिला आणि प्रामाणिकपणे म्हणालो, "वरून काढलेल्या फोटोत उंची कळत नाही. जमिनीला उतार आहे, एवढं म्हणता येईल."

मी चहा संपवेपर्यंत ग्रुपवर पडलं होतं: 'भूगोलाच्या सरांकडून घाट कन्फर्म.'

खाली बोरीकरांचं उत्तर: 'सरांना शाळेत डायनासोर नव्हता काय?'

यानंतर जे जे आत गेलं ते घाटाचंच होत गेलं. भरावाच्या कडेने पायऱ्या बांधल्या. ती प्रेक्षकांची गॅलरी. पायथ्याशी मोठा हौद बांधला. तो बैलांना पाणी पाजायला. मग एक दिवस ट्रक भरून पिवळ्या, फुगवलेल्या, गाडीच्या ट्यूबसारख्या ट्यूबा आल्या. त्या दिवशी तर दादांचे डोळेच भरून आले. "बैलानं धडक दिली तर लागू नये म्हणून. जनावराचा एवढा विचार आजवर एका कमिटीनं केला न्हाई."

एकच माणूस शंका काढायचा. जुन्नरचे साउंडवाले चाचा. दादांच्या आवाजाखाली चाळीस वर्षं भोंगे त्यांनीच बांधले. ते दोघं एकमेकांशी भांडल्याशिवाय चहा पीत नाहीत.

"भाऊ, एक सांगा," चाचा म्हणाले. "बैल पळतो खालून वर. हौद हाय खाली. म्हंजी पळायच्या आधी पाणी पाजायचं? पोटात पाणी डचमळत बैल पळंल का?"

"बारी झाल्यावर खाली आणायचं की माघारी!"

"आन् हौदाला आतून निळा रंग कशापायी?"

दादा म्हणाले, "बैलाला निळं आवडतं."

"चाळीस वर्षांत तुमी हे कधी माइकवर सांगितलं न्हाई."

"समदंच माइकवर सांगतो का मी?"

सराव टोमॅटोच्या वावरात चालायचा. हातात पाइपचा तुकडा धरून दादा सऱ्यांच्या मधून बारीवर बारी पळवत. आई तोडणी करता करता म्हणायची, "हळू वराडा. फुलं गळत्यात." पण गुळण्यांचं पाणी तीच कोमट करून ठेवायची.

शेवटी पत्र्यावर कागद लागला: कामगार पाहिजेत, निवेदकही पाहिजे, स्थानिकांना प्राधान्य. दादांनी फेटा बांधला. मला सोबत घेतलं, म्हणाले, "शिकलेलं माणूस बरूबर असलं की गेटवर अडवत न्हाईत." गेटवर दोघांनाही अडवलं. आत फोन लावून मग सोडलं.

मॅनेजर पुण्याची एक तरुण मुलगी होती. तिने अदबीने खुर्ची दिली. "काका, अनुभव आहे?"

दादा उभे राहिले आणि अनुभव सांगण्याऐवजी दिलाच. एक पूर्ण बारी, श्वास न घेता. कुठल्यातरी खोलीतला हिशेबनीस बाहेर आला, दोन सुरक्षारक्षक धावत आले आणि खिडकीवरचे पारवे उडाले. मॅनेजरबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "काका, तुम्हीच! चला, जागा दाखवते."

आम्ही गेलो. भराव होता. पायऱ्या होत्या. पण भरावावर घसरगुंडीसारखी निळी गुळगुळीत पन्हळ बसवली होती आणि माथ्यावरून तिच्यातून पाणी सोडलेलं होतं. ते वळत, उसळत खालच्या हौदात पडत होतं. एक कामगार पिवळ्या ट्यूबवर बसून ओरडत खाली आला आणि हौदात गडप झाला.

दादांनी हौदाच्या काठाशी जाऊन वर पाहिलं. मग हळूच विचारलं, "ताई, हितं वर कोण पळतं?"

"पळत कुणीच नाही, काका. सगळे खालीच येतात."

"वरनं खाली?"

"हो. तुम्ही फक्त माइकवर जोश आणायचा."

दादांनी फेट्याचा शेमला मागे टाकला. "जोश कशाचा आणू? चढणाऱ्याचं काय तरी सांगता येतं. खाली तर दगडबी येतो."

नमस्कार करून ते निघाले. घरी आईने गुळण्यांचं पाणी पुढे केलं. त्यांनी ते जास्वंदीला ओतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बोलणं एवढं कमी केलं की म्हैससुद्धा दूध काढताना मागे वळून बघायला लागली. आई टोमॅटो तोडता तोडता मध्येच थांबायची. एकदा मला म्हणाली, "वावर लई गप वाटतंय रे."

गावाने मात्र धीर सोडला नाही. ग्रुपवर नवीन माहिती आली: 'पाणी तात्पुरतं आहे. यात्रेआधी काढणार. आतल्या गोटातून.'

उद्घाटनाआधी एक दिवस आजूबाजूच्या गावांसाठी मोफत ठेवला होता. नगरी नीट चालते का ते आमच्यावर करून बघायचं होतं. सगळी पंचक्रोशी लोटली. बोरीकरांच्या तीन नख्या कोंबड्याच्या निघाल्या. जेवणाच्या हॉलबाहेर तो उंच कोंबडा उभा होता आणि बोरीकर त्याच्याशी फोटो काढताना "डायनासोर कोंबड्याचाच पूर्वज, विचारा सरांना" म्हणत होते. साउंडचं काम चाचांकडे होतं. त्यांनीच गळ घालून दादांना आणलं आणि हौदापाशी, माइकजवळ खुर्ची टाकून बसवलं. दादा पाठ फिरवून बसले.

मला माझ्या विद्यार्थ्यांनी ओढत वर नेलं. पायऱ्या चढताना काही वाटलं नाही. माथ्यावर ट्यूबमध्ये बसलो, खाली पाहिलं, आणि कठड्याचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला. तो सुटेना. म्हणजे मी सोडेना. मागे रांग वाढत गेली.

"सर, उतार किती अंशाचा हाय?" मागून एकाने विचारलं.

"सर, समोच्च रेषा जवळजवळ आल्या की काय समजायचं?" दुसरा.

हे मीच शिकवलेलं होतं. मी दांडा आणखी घट्ट धरला.

खाली चाचांनी माइक चालू केला होता. बंद करायचं ते विसरले, असं ते आजही सांगतात. त्यामुळे पुढचं बोलणं सगळ्या नगरीने ऐकलं.

"भाऊ, वर बघा. तुमचा गाडा अडलाय."

"कुणाचा?"

"तुमचा पदवीधर. दांडा धरून बसलाय."

मग पुन्हा चाचा. "तुमी म्हणला व्हता, खाली तर दगडबी येतो. हा तर येईना."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दादा वळून वर बघत होते. एवढ्या वरूनही मला त्यांचा फेटा दिसला. त्यांनी माइकवर दोनदा टिचकी मारली. ती टिचकी मी लहानपणापासून ओळखतो.

"ऐका, ऐका, ऐका! फळीवर गाडा उभा हाय! घड्याळवाल्यांनी घड्याळं खिशात घाला, ही बारी टायमाची न्हाई, हिमतीची हाय! गाडा आपल्याच मातीतला! पावसात दप्तर डोक्यावर घेऊन शाळंला गेलेला! नदीला भ्यायला न्हाई, इंग्रजीला भ्यायला न्हाई, गणिताला भ्यायला... थोडा भ्यायला!" सगळी नगरी हसली. "पर माघारी फिरला न्हाई! अरं, चढ तर त्यानं कवाच चढलाय! आता नुसतं सोडायचंय! सोड रं मास्तरा, सोड दांडा! झाली... झाली... भिर्रर्रर्र!"

हात कसे सुटले ते सांगता येणार नाही. पहिल्या वळणावर चष्मा गेला, दुसऱ्या वळणावर किंकाळी फुटली, आणि भोंग्यांतून दादा माझ्या पुढे घोडीसारखे पळत होते. हौदातून नाकातोंडात पाणी गेलेला मी वर आलो तेव्हा लोक शिट्ट्या मारत होते आणि कुणीतरी भंडारा नाही म्हणून पॉपकॉर्न उधळले.

माथ्यावरून पुढच्या बाईंचा आवाज आला. "ओ भाऊ! माझंबी नाव घ्या! तवर मी न्हाई सोडायची!"

"गाव कंचं, पावणं?"

"राजुरी!"

"आली! राजुरीची वाघीण आली!"

मग पुकारल्याशिवाय कुणीच खाली येईना. मॅनेजरबाई दोनदा येऊन रांग हलवा म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा स्वतःच ट्यूब घेऊन रांगेत लागल्या. दादांच्या आवाजाला बंदीआधीची धार आली होती. चाचा मागे बसून वायरी सांभाळत होते आणि मला म्हणत होते, "बैलाला निळं आवडतं म्हणं!"

ऊन कललं. माथ्यावर आता एक ठेंगणी आकृती उभी राहिली. भाड्याचा नायलॉनचा सदरा-पायजमा, आणि डोक्यावर पदर म्हणून टॉवेल. ती आई होती.

दादांनी माइक तोंडाशी नेला. काहीच आलं नाही. त्यांनी तो खाली घेतला, पुन्हा वर नेला. लोक वाट बघत थांबले. चाचांनी घाईघाईने वायर हलवून पाहिली, दुसरी जोडली, भोंग्यावर थाप मारली.

"वायर बरी हाय," दादा पुटपुटले, तेवढं मात्र सगळीकडे ऐकू गेलं.

वरून, माइकशिवाय, अख्ख्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात आई म्हणाली, "बोलताय का? का मीच बोलू?"